आधी जागा, मग लाकूड

अगं, परवा फोनवर तू किती उत्साहात सांगत होतीस, "ताई, वावोशीला एकांनी जुनं घर उतरवायला काढलंय, सागाचे वासे स्वस्तात देतायत, उचलू का?" मी नुसतं "थांब जरा" म्हणाले आणि तू हिरमुसलीस. आवाजावरून कळलं मला. फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

मी तुला थांबवलं ते लाकडासाठी नाही. घर जुनं असेल तर लाकूड चांगलंच निघेल. मला विचारायचं होतं ते एवढंच, की टेम्पो दारात आला की ते वासे तू उतरवणार कुठे? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर आजच उचल. नसेल तर फुकट मिळालेलं लाकूडही महागात पडतं, हे मी भोगलं आहे.

2020 चं निसर्ग वादळ आठवतं ना? 3 जूनला ते श्रीवर्धनकडे किनाऱ्यावर आलं आणि तिथून आत सरकत आपल्याकडेही झाडं आडवी करून गेलं. आमच्या शेजारच्या आजींचा रायवळ आंबा मुळासकट पडला. खोड एवढं मोठं, की मी आणि माझा भाऊ दोघांनी हात पसरले तरी कवेत येत नव्हतं. आजी म्हणाल्या, "ने तू. जळणात घालू नकोस. मला फक्त देवापुढचा एक चौरंग करून दे." त्या दिवसांत टाळेबंदी, सॉमिल बंद, टेम्पो मिळेना. आम्ही खोडाचे तीन ओंडके केले, अंगणात लोटत आणले आणि वर निळी ताडपत्री घट्ट बांधून टाकली. पावसापासून राखलं, असं वाटलं मला. गणपतीच्या सुमारास ताडपत्री सोडली तेव्हा आंबूस वास आला. कापलेल्या तोंडावर शाई सांडल्यासारखे निळे-काळे डाग, सालीवर मोहरीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखा भुसा. फरशीच्या फटीतून वाळवी वर चढली होती ती वेगळीच. तीन ओंडक्यांतून एका चौरंगापुरती फळी निघाली नाही. आजींनी विचारलं नाही आणि मला सांगवलं नाही. त्या आता नाहीत.

म्हणून सांगते, आधी जागा कर, मग लाकूड शोध.

जागा म्हणजे मोठी शेड नव्हे. तुमच्या घराला पडवी आहे ना, तिची पूर्वेची बाजू पुरे. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, ती बाजू बंद हवी. पूर्व-उत्तर उघडी राहू दे, म्हणजे वारा खेळता राहील. कर्जत-खालापुरात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे लाकूड भिजण्याची भीती असतेच, पण कोंदण्याची भीती त्याहून मोठी. वरून पाणी आलं तर दिसतं, पुसता येतं. प्लास्टिकच्या आत कोंडलेली ओल दिसत नाही. ताडपत्री टाकायचीच तर फक्त वरून, छपरासारखी, चारही बाजू मोकळ्या सोडून. आणि थप्पी पागोळ्यांपासून हातभर आत असू दे. पागोळीचं पाणी अंगणात आपटून उडतं आणि खालच्या दोन फळ्या चार महिने ओल्या राहतात.

जमिनीपासून फूट-दीड फूट उंच विटांचे किंवा चिऱ्यांचे खांब रच. सगळ्यांचा माथा एका पातळीत आहे ना ते पाण्याच्या नळीने बघ, कारण खांब वरखाली असतील तर फळी त्याच बाकात वाळते आणि मग आयुष्यभर तशीच राहते. प्रत्येक खांबावर पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेव, विटेच्या बाहेर दोन-दोन बोटं डोकावेल असा. वाळवीला वर यायचं तर त्या पत्र्याला वळसा घालून मातीची वाट बांधावी लागते आणि ती तुला दिसते. थप्पी भिंतीला टेकवू नकोस. मागे वीतभर जागा सोड, केरसुणी फिरली पाहिजे.

आता रचण्याचं. फळीवर फळी कधी ठेवायची नाही. मध्ये आडव्या पट्ट्या घालायच्या, इंचभर जाडीच्या, सुक्या लाकडाच्या, दीड-दोन फुटांवर एक. वरच्या थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या डोक्यावर आली पाहिजे, सगळ्या एका ओळंब्यात. पट्टी इकडेतिकडे सरकली की त्या जागी फळी लचकते. पहिली आणि शेवटची पट्टी अगदी टोकाजवळ असू दे. सगळ्यात वर वजन ठेव, जुने चिरे, जात्याची तळी, काहीही चालेल. आणि फळी कापून आणल्या दिवशीच तिची दोन्ही तोंडं ऑइलपेंटने किंवा वितळलेल्या मेणाने बंद कर. लाकडातलं पाणी तोंडाकडून भराभर निघून जातं, अंगातून हळू. तोंड आधी आकसतं, पोट फुगलेलंच असतं, आणि तडा जातो. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे दोन्ही टोकांची वीत-वीत फळी फुकट गेलेली मी पाहिली आहे.

वाळायला किती दिवस, हे तू विचारणारच. सुतारांचा ठोकताळा असा, की इंचभर जाडीला एक वर्ष. आंबा, शिवण यांसारखी हलकी लाकडं लवकर वाळतात, ऐनासारखं जड लाकूड अंत पाहतं. पण वर्ष मोजत बसू नकोस. थप्पीतल्या एका फळीचा वीतभर तुकडा कापून घे, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल आणि वजन पेन्सिलीने त्याच्यावरच लिही. तुकड्याचीही तोंडं रंगवून तो थप्पीतच ठेव. दर पंधरा दिवसांनी तोल. उतरत जाणारा आकडा दोन-तीनदा तिथेच थांबला, की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं. "त्या हवेपुरतं" म्हणाले ते मुद्दाम. आपल्या पावसाळ्यात उघड्या पडवीतलं लाकूड 18 टक्के ओलीच्या खाली सहसा उतरत नाही, एप्रिलात तेच 11-12 वर येतं. जुलैत बनवलेल्या कपाटाची आठ इंची फळी उन्हाळ्यात सुताभराने आकसते आणि सांध्यात फट दिसते. म्हणून ओंडके कापून घ्यायचे दिवाळीनंतर, फळ्या वाळवायच्या हिवाळा-उन्हाळा, आणि पावसात हत्यारांना धार लावायची. मापाचं काम मार्चपासून मेपर्यंत कर.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तुझ्या नेरळच्या मैत्रिणीलाही हे सांग. तिने ओलं लाकूड घेऊच नये. सुक्या फळ्या पलंगाखाली आडव्या, पट्ट्या घालून. भिंतीला तिरप्या टेकवलेल्या फळ्या दोन महिन्यांत धनुष्य होतात. आणि तुकड्यांची खोकी लांबीप्रमाणे वेगळी ठेवावी, नाहीतर हवा तो तुकडा कधीच सापडत नाही आणि माणूस नवी फळी कापतो.

जागा झाली की मग शोधायला नीघ.

पहिली नजर जुन्या घरांवर. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत कौलारू घरं उतरवून स्लॅब टाकायचं काम गावोगाव चाललं आहे, कशेळे-कडावपासून चौकपर्यंत. घरं उतरवतात ती दिवाळीनंतर, आणि पावसाच्या आत नवा स्लॅब पडायला हवा म्हणून मे महिन्यात सगळ्यांची घाई. अंगणात तुळया, वासे, खांब, रिपांचा ढीग पडलेला असतो आणि मालकाला तिथे रेती टाकायची असते. तेव्हा भाव खाली येतो. हे लाकूड पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं. त्याला आणखी वाळवायचं नाही, फक्त कोरडं राखायचं. म्हणून जुनं लाकूड मेमध्ये घेतलं तरी चालतं, ओला ओंडका मात्र मेमध्ये चुकूनही नाही.

पण डोळे उघडे ठेवून घे. खिशात लोहचुंबक ने आणि तुळईच्या चारी अंगांवरून फिरव. मोडलेला खिळा वर दिसत नाही, आणि एक खिळा रंधा मशीनच्या पात्याचा निकाल लावतो. भिंतीत गाडलेलं टोक आणि कौलांखालचं, गळतीखालचं अंग सुरीच्या टोकाने टोचून बघ. सुरी सहज आत गेली की तेवढं कापून टाकायचं धरूनच भाव कर. हातोडीने ठोक. चांगलं लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद बोलतं. सगळेच वासे सागाचे नसतात. आपल्याकडच्या घरांत ऐन, किंजळ, फणस, हेदू सर्रास वापरलेले आहेत. वरून सगळी धुराने काळी, ओळखू येत नाहीत. मालकाला विचारून एका कडेला रंध्याचा एक हात मार. साग असेल तर सोनेरी तपकिरी रंग आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास लगेच येतो. फणस पिवळाधमक निघतो. ऐन गडद आणि हाताला जड. ऐन निघाला म्हणून नाक मुरडू नकोस. बाकाचे पाय, कामाचं टेबल यांना त्याच्यासारखा टणक गडी नाही, फक्त खिळा ठोकायच्या आधी गिरमिटाने भोक पाड. मात्र बांधावरच्या, राबासाठी दरवर्षी टाहाळ तोडलेल्या ऐनाचं लाकूड गाठाळ असतं, ते फळ्यांसाठी घेऊ नकोस. आणि जुना रंग लावलेली दारं-खिडक्या असतील तर कोरडा कागद मारून धूळ उडवू नकोस, जुन्या रंगांत शिसं असायचं. घरात लहान मूल आहे तुझ्या.

भावाचं गणित स्वतः कर. तुळईला लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले 144, झाले घनफूट. दहा फुटी, सहा बाय चारची तुळई म्हणजे 1.66 घनफूट. ओंडक्याचं माप वेगळं. मध्यावरचा घेर दोरीने घ्यायचा, त्याचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. चार फूट घेराचा आठ फुटी ओंडका आठ घनफूट धरतात. प्रत्यक्षात तो दहाच्या वर भरतो, वरचे दोन सालीत आणि कापात जातात म्हणून सोडलेले असतात. त्यातून सरळ फळ्या आणखी कमी निघतात. वर कापणावळ आणि टेम्पो. हे सगळं तयार फळीवर पसरवून बघ, मगच वखारीतल्या भावाशी ताड. कधीकधी पनवेल-कल्याणच्या वखारीतून चार सुक्या फळ्या विकत आणणंच स्वस्त पडतं, आणि तसं असेल तर खुशाल आण.

सॉमिलवर ओंडका नेलास तर दोन गोष्टी स्वतः उभं राहून सांग. तयार आठ सूत हवं असेल तर दहा सूत कापायला सांग, वाळताना आणि रंधताना दोन सूत जातात. आणि ओंडक्याचा मधला डोळा फळीत येऊ देऊ नको म्हणावं, ती फळी हमखास तडकते. आंबा असेल तर पाडल्यापासून आठवड्याच्या आत कापून झाला पाहिजे. कापल्या दिवशीच 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम बोरॅक्स आणि 200 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून फळ्या त्यात बुडव किंवा ब्रशने दोनदा भरपूर पाज. हातमोजे घाल. पोळपाट, पाट्या, खाण्याशी संबंध येणाऱ्या कशालाही हे लाकूड वापरू नकोस, आणि पावसात ठेवू नकोस, औषध धुऊन जातं. त्या जूनमध्ये हे मला कोणी सांगितलं असतं तर आजींचा चौरंग झाला असता.

कायद्याचं थोडक्यात, पण हे टाळू नकोस. आपल्या जागेतलं असलं तरी साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, खैर, चिंच, मोह अशी सोळा झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. कर्जत-खोपोलीच्या नगरपालिका हद्दीत 1975 चा शहरी कायदा वेगळा. माथेरानच्या पायथ्याची गावं 2003 पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात आहेत, तिथे आणखी बंधनं. ताजा ओंडका रस्त्यावरून न्यायचा तर वाहतूक पास लागतो. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आधी विचार, अर्जाला दिवस लागतात हे धरून चाल. जुन्या घराचं लाकूड आणतानाही मालकाचं सहीचं पत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला टेम्पोत असू दे. आणि संध्याकाळी कोणी दारात येऊन सागाचा ओला वासा अर्ध्या भावात देऊ लागला, तर दार लावून घे. तो डोंगरातून आलेला असतो. ज्या डोंगराच्या कुशीत आपण राहतो त्याची माती झाडांनीच धरून ठेवली आहे, हे खालापुरात राहणाऱ्या कोणाला वेगळं सांगायला नको. सरपणाची मोळी डोक्यावर आणणाऱ्या बाया वेगळ्या, त्यांच्या सुक्या काटक्यांशी याची गल्लत करू नकोस.

झाड मागण्याचीही एक रीत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं ते लिहून ठेवलं आहे. आंबा-फणसाचं लाकूड जहाजांच्या कामाचं, तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं फारच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. मी कोणाच्या अंगणातल्या वठलेल्या फणसाबद्दल विचारायला जाते तेव्हा हेच डोक्यात असतं. चहा घेते, झाड कोणी लावलं ते ऐकते, पैसे हातात ठेवते आणि त्याच लाकडाची एक वस्तू त्या घरात परत देते. त्यामुळे आता लोक स्वतःहून बोलावतात. स्वस्त लाकडाचा याहून खात्रीचा झरा मला माहीत नाही.

खोपोली-सावरोली-रसायनीच्या पट्ट्यात कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाईनच्या पेट्या आणि पॅलेट भंगारवाल्यांकडे मिळतात. शिकण्यासाठी उत्तम, मऊ लाकूड आहे. त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का शोध. शेजारी एचटी अशी अक्षरं असतील तर ते उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, खुशाल घे. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेलं, नको. तेलाचे किंवा रसायनाचे डाग, उग्र वास असेल तर शिक्का कुठलाही असो, घरात आणू नकोस.

ऑस्ट्रेलियन बाभळीचंही सांगून ठेवते. रस्त्याकडेला, पडीक जमिनीवर लावलेली ती झाडं लोक फक्त जळणाला विकतात. गाभा तांबूस तपकिरी, घट्ट, पॉलिशला सुरेख. वाळताना पिळवटते, म्हणून फळ्या आखूड कापून वर दुप्पट वजन ठेव. ती त्या सोळांत नाही, तरी वाहतुकीचं वनपालांना विचारूनच आण.

आता वावोशीच्या वाशांचं. मालकांना फोन कर, थोडा विसार दे आणि आठ दिवस मागून घे. तेवढ्यात पडवीत सहा खांब रच, पत्रे ठेव, पट्ट्या कापून तयार ठेव. रविवारी मी लोहचुंबक आणि रंधा घेऊन सकाळच्या गाडीने खोपोलीला उतरते, तिथून दोघी मिळून जाऊ. माझ्या थप्पीत फणसाच्या सहा फळ्या आहेत, दोन पावसाळे बघितलेल्या, वजन कधीच स्थिरावलेलं. त्यातल्या दोन तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत.